किल्ला, मुतसद्दी आणि जुना संगणक

सुरतेच्या चौकबाजारात, तापीच्या काठी, सोळाव्या शतकात बांधलेला आणि अलीकडे महानगरपालिकेने डागडुजी करून लोकांना पाहण्यास खुला केलेला जो किल्ला उभा आहे, तो पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात या शहराच्या जुन्या राज्यव्यवस्थेचा एक विशेष येत असेल. मोगल अमदानीत सुरतेचा कारभार एका हाती नव्हता. बंदरावरची जकात, व्यापाऱ्यांचे तंटेबखेडे आणि शहराचा बंदोबस्त ही कामे ज्या अंमलदाराकडे असत त्यास मुतसद्दी म्हणत. किल्ला, त्यावरील तोफा आणि आतली शिबंदी ही मात्र किल्लेदाराच्या ताब्यात असत. आणि दोघांच्याही नेमणुका परस्पर दिल्लीहून होत असल्यामुळे एक मुतसद्दी जाऊन दुसरा आला तरी किल्ल्याचा चिरा हलत नसे. हा मुतसद्दी म्हणजेच आपल्या मराठीतला 'मुत्सद्दी'. कचेरीतल्या हुद्द्याचा शब्द आपल्याकडे येऊन धोरणी माणसाचे विशेषण झाला, आणि हुद्दा कालौघात नाहीसा झाला.

ही इतिहासातली गोष्ट आठवण्यास निमित्त झाला एक संगणक. सुरतेतल्या उधन्यात राहणारे माझे एक स्नेही, मूळचे खानदेशातले, त्या भागातल्या हजारो मराठी कुटुंबांप्रमाणे कापडाच्या धंद्यावर उपजीविका करणारे. त्यांच्या घरी साड्यांना लेस लावून देण्याचे जॉब वर्क चालते आणि किती साड्या आल्या, किती परत गेल्या, किती पैसे येणे आहेत याचा हिशेब वहिनी एका जुन्या संगणकावर ठेवतात. दोन जीबी रॅमचा तो संगणक सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा आणि तरी पडद्यावर चक्र फिरतच असावे, अशी त्याची अवस्था झाली होती. भरीस भर म्हणून विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि पुढच्या आवृत्तीस निदान चार जीबी रॅम व जी विशिष्ट सुरक्षा-चिप लागते ती या यंत्रात नव्हती. "भाऊ, आता हे भंगारातच द्यायचं का?" असे वहिनींनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल मला किल्ल्याची आणि मुतसद्द्याची गोष्ट सांगावी लागली, तीच येथे जरा विस्ताराने सांगतो.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली बसवता येते, आणि तिचा पडदा सांभाळत आलेल्या यंत्रणेचा उगम असा: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1984 साली, 'प्रोजेक्ट अथीना' या उपक्रमाच्या आश्रयाने, बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची एक प्रणाली रचण्यास आरंभ केला, आणि 1987 च्या सप्टेंबरात तिची अकरावी पिढी, म्हणजे एक्स-इलेव्हन, बाहेर पडली. पडद्यावर रेघ ओढणे, रंग भरणे, कळफलकावरील दाब आणि माउसची हालचाल टिपून ज्या त्या कार्यक्रमाकडे पोचवणे, एवढेच काम या प्रणालीने आपल्याकडे ठेवले. खिडक्या कशा दिसाव्यात, कोठे उघडाव्यात, कोणती वर आणि कोणती खाली असावी, याविषयी तिने बुद्ध्याच मौन पाळले. यंत्रणा आम्ही देऊ, धोरण तुमचे तुम्ही ठरवा, असा तिच्या कर्त्यांचा सिद्धांत होता. किल्ला बांधून दिला. मुतसद्दी नेमण्याचा अधिकार रयतेकडे सोपवला. हा जो मुतसद्दी, त्यालाच विंडो मॅनेजर म्हणतात.

विंडो मॅनेजर हा इतर कार्यक्रमांसारखाच एक कार्यक्रम असतो. त्याच्या अंगी विशेष असा एवढाच की, नवी खिडकी उघडण्याची प्रत्येक विनंती किल्लेदाराने आधी त्याच्यापुढे ठेवावी, असा त्याला परवाना मिळालेला असतो. तो खिडकीस चौकट घालतो, वरती नावाची पट्टी लावतो, तिला जागा नेमून देतो, आणि एका वेळी कोणत्या खिडकीत अक्षरे उमटावीत याचा निवाडा करतो. या विभागणीचा प्रत्यय पाहायचा असेल तर चालू संगणकावर विंडो मॅनेजर मुद्दाम बंद करून पाहावा. खिडक्यांच्या चौकटी आणि पट्ट्या तत्क्षणी नाहीशा होतात, खिडकी ओढून हलवता येत नाही. पण आतला हिशेब, अर्धवट लिहिलेले पत्र, चालू असलेले गाणे यांस धक्का लागत नाही, आणि एक आज्ञा देऊन दुसरा विंडो मॅनेजर नेमला की सर्व खिडक्या नव्या वेशात पुन्हा उभ्या राहतात. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मुतसद्दी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, किल्ला अभंग राहिला आणि शहर मात्र लुटले गेले. एक्सच्या राज्यात मुतसद्दी पळाला तरी रयतेची मालमत्ता सुरक्षित राहते, एवढी सुधारणा संगणकशास्त्राने केली आहे म्हणावयाची.

धोरण रयतेच्या हाती सोपवल्यावर जे व्हायचे तेच झाले: जितक्या प्रकृती तितके मुतसद्दी निर्माण झाले. 1987 मध्येच टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम लिहिला. त्यातला 'टी' मुळात कर्त्याच्या नावाचा होता, ही गोष्ट त्या काळच्या मोकळेपणाची निदर्शक आहे. तो फार स्मृती खातो अशी तक्रार असल्यामुळे 1993 मध्ये रॉबर्ट नेशन यांनी त्याला कातरून एफव्हीडब्ल्यूएम तयार केला. आज काही मेगाबाइटांची किंमत कोणी विचारीत नाही, पण कृशतेची आकांक्षा किती जुनी आहे हे यावरून कळावे. 1997 च्या सुमारास स्लोव्हेनियातून आइसडब्ल्यूएम, ब्राझीलच्या आल्फ्रेदो कोजिमा यांच्याकडून विंडो मेकर आणि ब्रॅड ह्यूज यांचा ब्लॅकबॉक्स असे तीन कारभारी पुढे आले. ब्लॅकबॉक्सच्याच घराण्यात पुढे फ्लक्सबॉक्स आणि ओपनबॉक्स जन्मले. यांपैकी कोणामागेही मोठी पेढी नव्हती. ज्याला जसे हवे तसे त्याने लिहिले आणि लिहिलेले सर्वांस वाचावयास, बदलावयास व वाटावयास मोकळे ठेवले; मुक्तस्रोत म्हणतात ते हेच.

परंतु केवळ मुतसद्दी असून दरबार होत नाही. फायली दाखवणारा, घड्याळ आणि आवाज सांभाळणारा, छपाईयंत्र व वायफाय ओळखणारा, पेन ड्राइव्ह लावताच वर्दी देणारा असा सगळा परिवार एका शिस्तीत आणि एकाच पोशाखात आणून उभा केला म्हणजे त्यास डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट म्हणतात. 14 ऑक्टोबर 1996 रोजी जर्मनीतील मथियास एट्रिख यांनी केडीईची घोषणा केली आणि 1997 च्या ऑगस्टात मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. हे दोन्ही दरबार मोठे वैभवशाली. पण वैभवाबरोबर जो लवाजमा येतो त्याचा खर्च रयतेच्या माथी बसतो, हा नियम येथेही चुकला नाही.

हा खर्च नेमका कशावर होतो याविषयी मात्र पुष्कळांचा गैरसमज आढळतो. खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकता, उघडता-मिटताना होणारे नखरे यांमुळे संगणक मंदावतो, असे लोक समजतात. साध्या लॅपटॉपचा पडदा 1366 गुणिले 768 ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपक्यांचा असतो; प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरले तर पडदाभर पसरलेल्या एका खिडकीचे चित्र साठवण्यास चार मेगाबाइटांहून किंचित अधिक जागा लागते, आणि अशा दहा खिडक्या उघडल्या तरी चाळीसएक मेगाबाइटांत काम भागते. दोन जीबीच्या मानाने ही रक्कम किरकोळच. खरा खर्च आहे तो पडद्यामागे बसून राहणाऱ्या चाकरांचा: तुम्ही कधी काळी काही शोधाल म्हणून प्रत्येक फायलीची अनुक्रमणिका करीत बसणारा कारकून, संकेतस्थळावरची पत्रे व दिनदर्शिका जुळवीत राहणारा दूत, नव्या आवृत्तीची चौकशी करणारा हेर; आणि ग्नोमच्या दरबारात तर पडद्यावरची पट्टी व मेनू चालवण्यासाठी जावास्क्रिप्टचे एक स्वतंत्र यंत्र सदैव पेटलेले ठेवावे लागते. चाकर एकेकटा पाहिला तर उपयोगीच वाटतो. सर्वांचा मुशाहिरा एकत्र मांडला की खजिना रिता का, ते उमगते.

म्हणून मोठ्या दरबाराच्या सोयी ठेवून चाकर कमी करणारी मधली घराणी निर्माण झाली, आणि जुन्या संगणकाच्या मालकास खरा आधार यांचाच आहे. फ्रान्सच्या ओलिव्हिए फुर्दां यांनी 1996 मध्ये सुरू केलेले एक्सएफसीई हे त्यांतले ज्येष्ठ. उंदीर हे त्याचे बोधचिन्ह. तैवानमधील होंग जेन यी यांनी 2006 मध्ये एलएक्सडीई काढले. त्याचे पुढे दुसऱ्या एका प्रकल्पाशी मीलन होऊन 2014 मध्ये एलएक्सक्यूटीची पहिली आवृत्ती आली. 2011 मध्ये ग्नोमने आपला जुना वेश टाकून सर्वस्वी नवा धारण केला तेव्हा, जुन्यालाच चिकटून राहू इच्छिणाऱ्या अर्जेंटिनातील एका माणसाने त्याचा वारसा पुढे चालवला आणि आपल्या देशातील माते या पेयावरून त्यास माते हे नाव दिले. आईशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे मराठी वाचकांस सांगितलेले बरे.

यंत्र दुबळे असताना सामान्य दरबाराचे केवळ अनुकरण करण्याऐवजी मुळातच निराळी रचना करावी, असाही एक प्रयत्न झाला आणि त्याचे एक पाऊल महाराष्ट्रात पडले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीने मुलांसाठी जो हिरवा-पांढरा लॅपटॉप बनवला त्याची स्मृती अवघी 256 मेगाबाइट होती. त्यावर शुगर नावाचे जे मुक्तस्रोत एन्व्हायरन्मेंट चाले त्यात मेज, फायली, कप्पे ही कचेरीची परिभाषाच नव्हती. मध्यभागी मूल, भोवती त्याचे उद्योग, पलीकडे त्याचे शेजारी, आणि केलेल्या प्रत्येक कामाची आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी, अशी त्याची मांडणी होती. 2007 साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील छोट्या शाळेत हे लॅपटॉप मुलांच्या हाती दिले गेले. भारतातील तो पहिला प्रयोग होय. ती चळवळ पुढे ओसरली. परंतु ज्यांच्या घरी कधी कचेरीचे मेज नव्हते अशा मुलांपुढे मेजाचे चित्र ठेवण्याची सक्ती नाही, हा विचार धोरण आणि यंत्रणा यांची फारकत झाली होती म्हणूनच प्रत्यक्षात उतरू शकला.

उधन्याच्या घरी मी ओपनबॉक्सवर चालणारे एक हलके एन्व्हायरन्मेंट बसवले. चहाचे आधण ठेवले ते उकळण्यापूर्वीच पडदा तयार होऊन बसला. ओपनबॉक्समध्ये रिकाम्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबले की मेनू उघडतो, आणि तो मेनू म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते: प्रत्येक नोंदीत दाखवायचे नाव आणि चालवायची आज्ञा, एवढेच. तीतली पंचवीस-तीस इंग्रजी नावे काढून मी चारच ठेवली: 'पत्र', 'साड्यांचा हिशेब', 'इंटरनेट' आणि 'बंद करा'. वहिनींनी ते वाचून पाहिले आणि 'साड्यांचा हिशेब' सर्वांत वर हवा, 'बंद करा' त्याच्यापासून पुष्कळ लांब हवे, अशी सूचना केली. दोन ओळींची अदलाबदल केली, मध्ये एक रेघ टाकली आणि काम झाले. मनाजोगी रचना करता येणे म्हणजे रंग आणि चित्रे बदलता येणे, असे जाहिरातींनी आपल्या मनावर बिंबवले आहे. घरधनिणीच्या सवयीप्रमाणे कारभाऱ्याने वागावे, हा त्याचा खरा अर्थ त्या दुपारी मला प्रत्यक्ष दिसला.

कृशतेचे व्रत याहून कठोरपणे पाळणारा एक पंथ आहे. नेहमीच्या पद्धतीत खिडक्या मेजावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात. या पंथाचे विंडो मॅनेजर त्यांना फरशीच्या लाद्यांप्रमाणे, किंवा सुरतेच्या रिंग रोडवरच्या दुकानात फळीवर रचलेल्या ताक्यांप्रमाणे, कडेला कड लावून मांडतात आणि सर्व व्यवहार कळफलकावरून करवतात. 2000 साली निघालेल्या एकाचे नाव तर रॅटपॉयझन, म्हणजे उंदराचे विष. त्याचा रोख कोणावर आहे हे उघड आहे. 2006 मध्ये आलेल्या डीडब्ल्यूएमने आपली मूळ संहिता 2000 ओळींपलीकडे जाऊ द्यायची नाही असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला, आणि त्यात काही फेरफार हवा असेल तर मूळ संहितेतच बदल करून ती पुन्हा संकलित करावी असा दंडक ठेवला. 2009 मध्ये मिखाएल श्टापेलबर्ग यांनी सुरू केलेला आय-थ्री त्या मानाने सौम्य. त्याच्या आज्ञा एका मजकुराच्या फायलीत लिहिता येतात.

या ठिकाणी मराठी माणसाने क्षणभर थांबले पाहिजे. देवनागरी लिहिली जाते त्याच क्रमाने ती दिसत नाही. 'लिंबायत' हे आपल्याच सुरतेतील वस्तीचे नाव घ्या: संगणकात प्रथम 'ल' साठवला जातो आणि मागाहून ऱ्हस्व इकार, पण डोळ्यांस इकार आधी दिसावा लागतो, 'प्रश्न' या शब्दात तर अर्धे 'श' आणि 'न' यांचा जोड नव्यानेच घडवावा लागतो. हे अक्षर-घडणीचे कार्य पँगो आणि हार्फबझ या दोन मुक्तस्रोत लायब्रऱ्यांकडे, म्हणजे इतर कार्यक्रमांनी वापरावयाच्या तयार संहितांकडे, असते. पँगो म्हणजे ग्रीक 'पॅन', सर्व, आणि जपानी 'गो', भाषा. हार्फबझ हे नाव फारसी, आणि त्यातला 'हर्फ' म्हणजे आपण 'एक हरफही काढला नाही' म्हणतो तोच. एक्सएफसीई, ओपनबॉक्स, आय-थ्री हे पँगोच्या मदतीने पट्टीवरची नावे लिहितात, म्हणून त्यांच्या दारी मराठी अव्यंग उमटते. ओळी वाचवण्याच्या भरात डीडब्ल्यूएमने मात्र हा मदतनीस ठेवलाच नाही. त्याच्या पट्टीवर 'लिंबायत' मधला इकार 'ल'च्या मागे जाऊन बसतो आणि 'प्रश्न' हलन्त पाय मोडून पडतो. ज्यांची लिपी सरळ एकापुढे एक अक्षर ठेवून भागते त्यांच्या दृष्टीने वगळलेला तो भाग अनावश्यक होता. आमच्या दृष्टीने ती आमची बाराखडी होती. कोणता चाकर फालतू आणि कोणता अपरिहार्य, हे ठरवणाऱ्याची भाषा कोणती यावर पुष्कळसे अवलंबून असते.

किल्ला आणि मुतसद्दी यांची ही फारकतही चिरंतन नाही. सुरतेत 1759 साली ईस्ट इंडिया कंपनीने किल्ला आपल्या हाती घेतला, शहर नवाबाकडे राहिले, आणि चाळीसएक वर्षांच्या दुहेरी अंमलानंतर 1800 मध्ये नवाबास तनखा बांधून देऊन सर्व कारभार एकाच मुखत्यारीखाली आला. संगणकात 2008 साली क्रिस्तियान हॉग्सबर्ग यांनी वेलँड नावाची जी नवी प्रणाली सुरू केली, तीत पडदा रंगवणारा आणि खिडक्यांचा कारभार पाहणारा हे दोघे एकच होतात. त्यात लाभ आहे: एक्सच्या राज्यात कोणताही कार्यक्रम दुसऱ्याच्या खिडकीत चाललेले टंकलेखन चोरून पाहू शकत असे, ते वेलँडने बंद केले. हानीही आहे: तो एकुलता कारभारी कोसळला तर त्याच्याबरोबर उघड्या खिडक्याही बहुधा जातात. तरी निवडीचा हक्क लोपलेला नाही, कारण येथेही लेखक पुष्कळ आहेत. आय-थ्रीच्या वळणाचा स्वे आणि ओपनबॉक्सच्या वळणाचा लॅबडब्ल्यूसी हे वेलँडवर नांदत आहेत. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाने 2024 च्या ऑक्टोबरात लॅबडब्ल्यूसीच पदरी ठेवला. आणि एक्सएफसीईने त्याच वर्षाच्या डिसेंबरातील आवृत्तीत वेलँडचा प्रायोगिक अंगीकार केला.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. दरबार कितीही आटोपशीर केला तरी पाहुण्याचा खर्च कमी होत नाही, आणि आजचा सर्वांत खर्चीक पाहुणा म्हणजे ब्राउझर. दहा-बारा पाने एकदम उघडली तर दोन जीबीचा संगणक कोणत्याही एन्व्हायरन्मेंटखाली धापा टाकू लागेल. साड्यांची नक्षी करण्याची पुष्कळशी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असल्यामुळे भरतकामाच्या कारखानदारास हा उपाय लागू पडेलच असेही नाही. हिशेब, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि मोजके वाचन यांस मात्र तो पुरून उरतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असे म्हातारे ठरवलेले यंत्र पडून असेल त्यांना माझी विनंती अशी की, भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी एक रविवार त्यास द्यावा. चार जीबीचा एखादा पेन ड्राइव्ह घ्यावा, त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी असलेली लिनक्सची प्रत उतरवावी, आणि संगणकातील काहीही न पुसता त्या पेन ड्राइव्हवरूनच तो चालू करून पाहावा. सुरुवात एक्सएफसीईने करणे उत्तम. वायफाय मिळते का, आवाज येतो का, छपाई होते का हे तपासावे. मग एक कोरी फाइल उघडावी, तिला 'लिंबायतचे प्रश्न' असे नाव द्यावे आणि खिडकीच्या वरच्या पट्टीकडे पाहावे. इकार आपल्या जागी असला आणि 'श्न' जोडलेला दिसला, तर हा मुतसद्दी ठेवून घ्यावा. नसला, तर दुसरा नेमावा.